घरच्या यंत्राला चहा

"अजून किती दिवस माझी यंत्रं उघडून बघणार, चाचा?"

हैदरचाचा मुजावरांनी चष्मा कपाळावर सरकवला. 

हेरंब गोगटेच्या जिभेवर हा प्रश्न तीन महिने बसून होता. आज तो सुटला. सुटल्यावर मात्र त्याला वाटलं, जरा मोठ्यानंच बोललो.

समोर टेबलावर जुना ॲम्प्लिफायर होता. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, दोन माणसांनी उचलावा असा. सांगलीच्या सिंधूताई आगाशे यांचा. त्यातली एकूण एक वायर हेरंबनं काढून टाकली होती आणि नवी भरली होती. सहा आठवडे तो या यंत्रात डोकं घालून बसला होता.

"चाचा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं की."

"मग?"

"मग काय... बघू."

आता हे 'बघू' काय होतं, ते सांगायला हवं.

मिरजेतल्या या दुकानाची एक रीत होती. शिष्यानं दुरुस्त केलेलं यंत्र बाहेर पडण्याआधी चाचा ते आडवं करत, तळाचं झाकण उघडत, आत हात घालून एकेक जोड बोटांनी चाचपत आणि झाकण परत लावत. ज्या दिवशी ते एखादं यंत्र न उघडता जाऊ देतील, त्या दिवशी तो शिष्य तयार झाला. प्रमाणपत्र नाही, हार नाही, नारळ नाही. पन्नास वर्षांत हे भाग्य तिघांना लाभलं होतं.

हेरंबला इथे येऊन तीन वर्षं झाली होती. पुण्यात इंजिनिअर झालेला, चांगली नोकरी सोडून आलेला. हुशार होता, यात वाद नाही. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

आणि आता पुण्याहून बोलावणं आलं होतं. जुन्या यंत्रांवर जीव टाकणारी तिथली मंडळी त्याला कार्यशाळेसाठी जागा द्यायला तयार होती. त्यांनी एकच गोष्ट विचारली होती. चाचांनी न उघडता सोडलेलं तुमचं एखादं यंत्र आहे का?

नव्हतं.

"पुण्याला काय कळवू?" हेरंब म्हणाला. "सोमवारी उत्तर द्यायचंय."

"काय कळवायचं ते कळव."

"तुम्ही आज हे न उघडता सोडलंत, तर हो म्हणून कळवीन."

"आणि उघडलं तर?"

हेरंबनं ॲम्प्लिफायरवर हात ठेवला. मग म्हणाला, "चाचा, यात काही सापडणार नाही तुम्हाला. मी जिथे जिथे मोजता येतं तिथे तिथे मोजलंय."

"खात्री हाय?"

"शंभर टक्के."

चाचांनी मान डोलावली. "मग उघडलं तर तुझं काय जातंय?"

हेरंबच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण समोर बसलेला माणूस असा, की त्याच्यावर चिडायला कुठून सुरुवात करावी तेच कळू नये. पंचाहत्तरीचा, मलमलीचा सदरा घातलेला, बोटांवर कथलाचा डाग देताना पोळल्याचे जुने पांढरे व्रण असलेला, सदा शांत.

"लाव तबकडी," चाचा म्हणाले. "ऐकू तरी."

हेरंबनं बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. त्यानं तबकडीवर सुई टेकवली.

कोणा बाईंचा जुना भूप होता. पहिला षड्ज लागला आणि दुकान भरून गेलं. ना घरघर, ना कुरकुर. तानपुऱ्याच्या चार तारा चार ठिकाणांहून निघाव्यात इतक्या सुट्या ऐकू येत होत्या. बाईंनी मध्येच श्वास घेतला, तोही ऐकू आला.

रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला पाय टेकवून उभा राहिला. चाचांनी डोळे मिटून घेतले होते.

तबकडी संपली.

"सुंदर," चाचा म्हणाले.

तीन वर्षांत हा शब्द हेरंबनं पहिल्यांदा ऐकला होता. त्याला हसू आवरेना.

"फार सुंदर, लेका. माझ्या हातून इतकं साफ कधी झालं नाही."

"मग आता..."

"आता गार होऊ दे."

हेरंबचं हसू ओठांवरच राहिलं.

अर्धा तास दोघं बसले. चाचा पेटीतले स्क्रू निवडत होते, लांब इकडे, आखूड तिकडे. हेरंब ॲम्प्लिफायरकडे बघत होता. व्हॉल्व्ह निवले, काचा थंड पडल्या.

मग चाचांनी उठून बटण दाबलं. तोंडानं पाचपर्यंत आकडे मोजले. बटण बंद केलं आणि प्लग उपसून ठेवला.

"हे कशासाठी?" हेरंबनं विचारलं. त्याला माहीत होतं, पण आज विचारावंसं वाटलं.

"लाइट आली, गेली," चाचा म्हणाले. "आपल्याकडं यंत्रानं हेच दिवस जास्त बघायचे."

मग त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीला हात करून दोन चहा सांगितले.

हीसुद्धा दुकानाची रीत. व्हॉल्व्हच्या यंत्रात एक मोठा कंडेन्सर असतो. पाण्याची टाकी असावी तशी त्यात वीज साठते. चारशे व्होल्ट. प्लग काढला तरी ती टाकी भरलेलीच राहते. म्हणून बाहेरून आलेल्या यंत्राला चाचा आधी मीटर लावत. मीटरचा काटा शून्यावर आल्याखेरीज आत बोट घालत नसत. आपल्या दुकानात तयार झालेल्या यंत्राला मात्र मीटर नाही. ते बंद करायचं, एक कप चहा प्यायचा आणि हात घालायचा.

बाहेरच्याला मीटर, घरच्याला चहा. हेरंब याला मनातल्या मनात हसत असे.

चहा आला. चाचा बशीत ओतून फुरके मारत प्यायले. हेरंबनं आपला कप दोन घोटांत संपवला.

"चाचा, खरंच उघडणार?"

"बस की. काय घाई?"

त्यांनी ॲम्प्लिफायर आडवा केला. सहा स्क्रू काढले. झाकण बाजूला ठेवलं. आत नव्या वायरी एका रांगेत, काटकोनात वळलेल्या. कुठे डागाचा थेंब म्हणून सांडलेला नाही.

चाचा क्षणभर नुसते बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. ते हेरंबनं पाहिलं, आणि त्याला वाटलं, नसतं उघडलं तरी चाललं असतं, पण उघडलं ते बरंच झालं. बघू देत सगळं.

चाचांनी सवयीप्रमाणे डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. उजवा हात आत नेला. मनगट कडेच्या पत्र्यावर टेकवलं आणि पहिला जोड चाचपायला बोट पुढे केलं.

फट्...

निळी ठिणगी उडाली. चाचा स्टुलासकट मागे भिंतीवर आदळले आणि घसरत खाली बसले.

हेरंब धावला.

"चाचा! चाचा!"

"अंहं... ओरडू नको."

चाचांचा चेहरा पांढरा पडला होता. उजव्या हाताचं पहिलं बोट टोकाला काळं झालं होतं. मनगटावर लाल रेघ होती. डावा हात अजून खिशातच होता.

समोरचे डॉक्टर कित्तूर धावत आले. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली, बोटाला मलम चोपडून पट्टी बांधली. म्हणाले, वीज मनगटापाशीच वळली, म्हणून वाचलात. दुसऱ्या हातानं यंत्र धरलं असतं, तर छातीतून गेली असती. मग मला बोलावून उपयोग नव्हता.

डॉक्टर गेले.

 हेरंब भिंतीला टेकून उभा होता. 

"काय काढलंस आतून?" चाचांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. पाणी हवं का, असं विचारावं तसं विचारलं.

"तो... कंडेन्सरवर आडवा असतो तो."

"कुठला?"

"रेझिस्टर. पांढरा. चिनी मातीचा."

तो करंगळीएवढा तुकडा. कंडेन्सरमधली साठलेली वीज थेंब थेंब रिती करून टाकणं, एवढंच त्याचं काम. एक कप चहा होईपर्यंत टाकी रिकामी.

"का काढलास?"

"आवाजात त्याचा काही उपयोग नाही, चाचा. नुसता तापत बसतो. वीज फुकट घालवतो." हेरंब एकेक शब्द गिळत बोलत होता. "मी हिशेब केला होता. यंत्र बंद केलं की टाकीतली वीज व्हॉल्व्ह पिऊन टाकतात. मग त्याची गरजच उरत नाही."

"तापलेले व्हॉल्व्ह पितात."

"हो."

"आणि गार?"

हेरंबनं मान खाली घातली. गार व्हॉल्व्ह थेंबही पीत नाहीत, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पहिल्या वर्षाला शिकवतात ते. पण त्यानं हिशेब केला होता तो यंत्र नीट चालू करून, नीट ऐकून, नीट बंद करणाऱ्या माणसाचा. लाइट आली नि गेली, याचा नव्हता केला.

मग एकाएकी तो चिडला. चूक स्वतःची असली की माणूस चिडतो, तसा.

"पण तुम्ही मीटर का नाही लावलात? शंभर वेळा मला सांगता, यंत्रावर विश्वास ठेवू नको म्हणून. मग तुम्ही का ठेवलात?"

चाचांनी पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघितलं.

"यंत्रावर कुठं ठेवला..."



हेरंबला वाटलं, त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तो खाली बसला.  रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. टपरीवाला येऊन कप घेऊन गेला.

"आगाशे वारले त्याला किती वर्षं झाली?" चाचांनी विचारलं.

"चार, बहुतेक."

"दर महिन्याला हे यंत्र उघडायचे. आडवं करून, झाकण काढून, रंगाच्या ब्रशनं धूळ झटकायचे. मोठी शिस्त माणसाला."

"हं."

"आता सिंधूताई करतात. लाइट गेली की घेतात काढायला. गाणं तर ऐकता येत नाही, मग तेवढी धूळ तरी काढून होते, म्हणतात."

चाचांनी हे कसलंही वजन न देता सांगितलं, आणि ते पुन्हा स्क्रू निवडायला लागले. डाव्या हातानं.

हेरंबच्या डोळ्यांसमोर सांगलीच्या विश्रामबागेतलं सिंधूताईंचं घर उभं राहिलं. तो दोनदा गेला होता तिथे. सिंधूताईंनी दोन्ही वेळा तांदळाच्या उकडीची बशी पुढे ठेवली होती. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. लाइट आली, गेली. म्हातारीनं झाकण काढलं. एका हातानं यंत्राची कड धरली. दुसऱ्या हातात पत्र्याच्या मुठीचा ब्रश...

तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, डावा हात खिशात घालायचा म्हणून. तिच्या लुगड्याला खिसाच नव्हता.

सहा आठवडे हेरंबनं या यंत्राचा विचार केला होता. झोपेत केला, जेवताना केला. सिंधूताईंचा एकदाही केला नव्हता. आणि सकाळी तो भांडत होता ते कशासाठी? हे झाकण कोणी उघडू नये म्हणून.

त्याला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

चाचांनी रडू दिलं.

मग हेरंब उठला. मीटर घेतला. टाकी रिती झाल्याची खात्री केली, आणि काटा शून्यावर आल्यावरही पुन्हा एकदा बघितलं. कचऱ्याच्या डब्यातून त्यानं तो चिनी मातीचा तुकडा शोधून काढला, हातात घेऊन बघितला आणि बाजूला ठेवला. खणातून नवा घेतला. डाग लावला. ओढून बघितला.

 मग खणातून त्यानं आणखी एक तसाच काढला आणि पहिल्याच्या शेजारी जोडला.

"दोन?" चाचांनी विचारलं.

"एक जळाला तर दुसरा असू दे."

चाचांनी पुढचा स्क्रू निवडला.

हेरंबनं झाकण लावलं. यंत्र पाच आकडे चालू करून बंद केलं. प्लग उपसला. टपरीला हात करून चहा सांगितला. या वेळी तो घोट घोट प्यायला, अगदी तळाच्या गाळापर्यंत. मग झाकण उघडलं, डावा हात खिशात घातला आणि उजवा आत नेला.

 

काही झालं नाही.

त्यानं एकेक जोड बोटानं चाचपला. झाकण लावलं. परत उघडलं. परत पाच आकडे, परत चहा. टपरीवाला विचारून गेला, आज पाहुणे आलेत काय?

तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा त्याला एक जोड जरासा कोरडा वाटला. मीटर म्हणत होता, ठीक आहे. त्यानं तो उकलून पुन्हा केला.

तबकडी लावली. भूप पुन्हा दुकानात भरला. या वेळी हेरंबला गाणं धड ऐकू आलं नाही. तो ऐकत होता ते यंत्राच्या पोटात कुठे काही चुकतंय का, ते.

"कसं वाटतंय?" तबकडी संपल्यावर चाचांनी विचारलं.

"मघाचं जास्त साफ होतं का?"

"मला सारखंच वाटलं."

खरं तर सारखंच होतं. तो तुकडा आवाजातलं तसूभरही काही घेत नव्हता, ना काही देत होता.

उन्हं कलली. समोरच्या सतारवाल्यानं फळ्या लावायला घेतल्या. हेरंबनं चौथ्यांदा झाकण उघडलं आणि चौथ्यांदा लावलं. सहाही स्क्रू स्वतःच्या हातानं पिळले. मग तो स्टुलावर बसला आणि दोन्ही तळवे यंत्रावर ठेवून बघत राहिला, तापात असलेल्या पोराजवळ माणूस बसतो तसा.

"पुण्याला मी नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला.

"कळव की. तुझी मर्जी."

"मला इथेच राहू द्या. दोन वर्षं, तीन वर्षं. तुम्ही म्हणाल तितकी."

चाचांनी स्क्रूंची पेटी बंद केली. उठले. पट्टीचा हात छातीशी धरून, डाव्या हातानं फडकं घेतलं आणि ॲम्प्लिफायरवरचे बोटांचे ठसे पुसायला लागले.

"चाचा."

"हं."

"तुम्ही एकदा उघडून बघता का?"

चाचांचं फडकं थांबलं नाही.

"किती वेळा उघडलंस?"

"चारदा."

"काही सापडलं?"

"एक जोड. तो केला परत."

"मग आता काय राहिलं?"

"माहीत नाही." हेरंबनं पुन्हा यंत्रावर हात ठेवला. "काही राहिलं असेल तर? मला दिसत नसेल तर? त्या एकट्या असतात घरी... तुम्ही बघा, चाचा. तुमच्या बोटांना कळतं. एकदाच बघा."

चाचांनी फडकं झटकून खुंटीला अडकवलं. वळून हेरंबकडे नीट बघितलं. खूप वेळ बघितलं.

"खात्री न्हाई वाटत?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही वाटत, चाचा... खरंच नाही वाटत."

चाचा दुकानाच्या पायरीवर आले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाले, "मग रिक्षा बोलाव. यंत्र सिंधूताईंकडं पोचवून ये."